थरथरीची गोळी

मागच्या चैत्रात गावाकडे एका तेरवीला गेलो होतो. मांडवात पंगत बसली होती, वाढपी वांग्याची भाजी घेऊन फिरत होते, आणि समोरच्या रांगेतला एक पन्नाशीचा माणूस शेजारच्याला जुनी गोष्ट सांगत होता. गोष्ट अशी, की आपल्या दवाखान्यात पूर्वी एक डॉक्टर होता. त्याला साधी सुई टोचता येत नव्हती. तापाने फणफणलेल्या एका बिडीवाल्या बाईला त्याने म्हाताऱ्यांच्या थरथरीची गोळी खाऊ घातली, आणि ती बाई थरथरून थरथरून मेली.

"मंग गावानं असा हाकलला त्याले," तो म्हणाला, "का चपला टाकून पळाला बाप्पा!"

शेजारचा हसला. वाढपीसुद्धा हसला.

त्या गोष्टीत खरं एवढंच, की बाई मेली. बाकी सगळं खोटं. डॉक्टरला सुई टोचता येत होती. तो चपला टाकून पळाला नाही. आणि ती गोळी त्या बाईने खाल्लीच नाही. एकही नाही. हे मला कोणी सांगितलेलं नाही. त्या गोळ्या माझ्या हातात परत आल्या होत्या.

सांगणाऱ्याचा मला इतका राग आला, की भात कालवलेला हात तसाच राहिला. घटना घडली तेव्हा तो शाळेतही धड जात नसेल. त्याला ती त्याच्या बापाने सांगितली असणार, बापाला चावडीवर कोणी सांगितली असणार. एक खोटं चाळीस वर्षं अंगणातल्या वेलासारखं वाढत गेलं आणि कोणी त्याचं मूळ पाहिलं नाही. मूळ समोरच पत्रावळीवर बसलं होतं. आणि मी काय बोललो? "भाजी इकडं आण," एवढंच बोललो.

म्हणून आता सगळं लिहितो.

आमच्याकडे बिडीचा ठेका होता. कारखान्याकडून तेंदूपत्ता आणि जर्दा यायचा, तो आम्ही गावातल्या बायांना वाटायचो, त्या घरी बसून बिड्या वळायच्या आणि सकाळी आमच्या ओसरीवर आणून द्यायच्या. तिथे तपासणी व्हायची. सैल, वाकडी, फाटक्या पानाची बिडी बाजूला काढायची, तिला छाट म्हणायचे. छाटीची मजुरी मिळायची नाही, पण ती बिडी बाईला परतही मिळायची नाही. आमच्याकडेच राहायची. हा न्याय त्या वेळी मला न्यायच वाटत होता.

तपासणी माझे बाबा करायचे. बिडीची जुडी ते नुसती मुठीत धरून अंगठ्याने दाबायचे आणि न बघता सांगायचे, ह्यात दोन सैल आहेत. तपासून पाहा, दोनच निघायच्या. मग त्यांच्या उजव्या हाताला थरथर लागली. आधी अंगठा, मग मनगट, मग चहाची बशी वाजायला लागली. जुडी हातात घेतली की बिड्या खुळखुळायच्या आणि बाया खाली मान घालून पदरात हसायच्या. नागपूरच्या मोठ्या डॉक्टरने त्याला कंपवात म्हटलं आणि एक औषध लिहून दिलं, अमँटाडीन नावाचं. कॅप्सूल होती ती, पण आमच्याकडे गोळी म्हणजे गोळी. साकोलीच्या दुकानदाराने तिचं नावही ऐकलेलं नव्हतं. मुंबईला आमचे एक नातेवाईक होते, ते शोधून शोधून पाठवायचे. कधी वेळेवर यायची, कधी महिना महिना यायची नाही. गोळी सुरू झाल्यावर बाबांचा हात पूर्ण थांबला नाही, पण बशी वाजायची थांबली. तेवढं आम्हाला फार होतं. ती बाटली मी देवळीत, देवाच्या शेजारी ठेवायचो.

त्याच सुमाराला आमच्या सरकारी दवाखान्यात तो डॉक्टर आला. ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. तरुण होता, नागपूरला शिकलेला, बौद्ध घरातला. गावाने त्याची पदवी विचारली नाही, आडनाव विचारलं. त्यानंतर त्याने काहीही केलं तरी ओट्यावर एकच शेरा ठरलेला असायचा: "सरकारी जावई आहे गा तो, त्याले काय येते?" माझ्या ओसरीवरही हे बोललं जायचं. मी हसायचो.

तो फार गोड माणूस होता असं मी म्हणणार नाही. तोंडाने तिखट होता. लोकांवर खेकसायचा. बिडीवाल्या बायांना सांगायचा की ह्या जर्द्याच्या धुळीने तुमची छाती जाते आहे, आणि तेवढ्यात स्वतः आमच्याच ठेक्याची बिडी पेटवायचा. एकदा एका बाईने त्याला तोंडावर विचारलं, "आमी वळतो थे जहर, आन तुमी ओढता थे परसाद का वो, डाक्टरसाब?" तो खोकला येईपर्यंत हसला होता.

पण त्याचा खरा गुन्हा निराळाच होता. तो सर्दीतापाला सुई द्यायचा नाही. आमच्याकडे सुई म्हणजे औषध, आणि गोळी म्हणजे टाळाटाळ. शेजारच्या गावाहून एक माणूस मोटारसायकलवर यायचा, त्याच्याकडे कसली पदवी नव्हती, पण तो आल्या आल्या लाल औषधाची सुई टोचायचा, ताप पाहायच्या आधी. लोक त्याला देव मानायचे. डॉक्टर सांगायचा, की त्या लाल सुईत नुसतं जीवनसत्त्व आहे, फ्लूचा विषाणू तिने मरत नाही, पाणी प्या, पडून राहा, श्वास लागला तर मला ताबडतोब बोलवा. लोक बाहेर येऊन म्हणायचे, "पडून राहाले डॉक्टर कायले पायजे? पडून त आमचा बईलबी राहते."

बाबांना मात्र तो आवडला. तो त्यांचा हात बघायला यायचा आणि दोघे ओसरीवर बोलत बसायचे. पहिल्यांदा देवळीतली बाटली त्याने हातात घेतली तेव्हा त्याचे डोळे चमकले.

"काका, ही गोळी कुठची, ठाऊक आहे का? ही मुळात फ्लूची. विषाणूवरच चालते ही. परदेशात एका बाईला तुमच्यासारखाच कंपवात होता. तिनं फ्लूसाठी ही घेतली आणि तिचा हात सुधारला. तेव्हा कळलं."

बाबा म्हणाले, "म्हंजे तापाच्या घरची पोरगी थरथरीच्या घरी देल्ली म्हना!"

"दिली, आणि इकडंच नांदली," डॉक्टर म्हणाला. "माहेरी कोणी आणतच नाही तिला."

मी दारात उभा राहून हे ऐकलं होतं. हे मुद्दाम लिहितो. मला ठाऊक होतं. ती गोळी काय आहे हे त्या गावात तिघांनाच ठाऊक होतं, आणि तिसरा मी होतो.

त्या हिवाळ्यात धानाची चुरणी, म्हणजे मळणी, आटोपली आणि घरोघरी ताप शिरला. आमच्या ओसरीवर सकाळी बाया रांगेने बसायच्या, मांडीवर सूप, नाकाला पदर, आणि अशी खोकल्याची साथ चालायची की बाबांना जुडी मोजता यायची नाही. डॉक्टरने मला सांगितलं, की काही दिवस बायांना एकत्र बोलावू नका, एकीला झालं की साऱ्यांना होईल. मी बोलावत राहिलो. कारखान्याचा माल अडला असता.

त्या बायांमध्ये एक होती, तिच्या बिडीत बाबांनाही छाट सापडायची नाही. बुद्धविहारापलीकडच्या वस्तीतली. नवरा मजुरी करायचा, एक लहान मुलगी होती. बोटं अशी चालायची, की धागा गुंडाळताना दिसायचाच नाही. आणि जीभही तशीच. मी छाट काढायला लागलो की म्हणायची, "छोटे शेठ, येवढी छाट तुमच्या घरी कोन ओढते वो? मायबाई ओढते का?" सगळी ओसरी हसायची, मीसुद्धा. तिची छाती आधीपासून अधू होती. थंडीत तिला दम लागायचा. "माह्या छातीत कोनी धान कांडून राहिलं," असं ती म्हणायची, आणि खरंच कान दिला तर तसा आवाज यायचा.

तिला ताप आला त्याच संध्याकाळी डॉक्टर आमच्याकडे आला. बसला नाही.

"काका, तुमच्या गोळ्यांपैकी थोड्या पाहिजेत. त्या बाईची छाती तुम्हाला माहीत आहे. साध्या माणसाला हा ताप आठवड्यात सोडतो, तिला सोडेल असं मला वाटत नाही. ही गोळी पहिल्या एकदोन दिवसांत सुरू केली तर चालते, मग उपयोग नाही. वाचेलच असं मी म्हणत नाही. पण माझ्याकडे दुसरं काही नाही."

मी मध्ये पडलो. "भंडाऱ्याहून मागवा ना सरकारी. आमची मुंबईहून येते. पुढची कधी येईल, पत्ता नाही."

"भंडाऱ्याला नाही. नागपुरातून आणेपर्यंत वेळ निघून जाईल."

"मंग बाबाचा हात?"

बाबा खाटेवर बसले होते. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "माह्या हातानं आता काय वळाचं आहे? तिच्या हातानं वळाचं आहे. आन बाटली."

मी आणली नाही. ते स्वतः उठले, देवळीतून बाटली काढली आणि डॉक्टरच्या ओंजळीत गोळ्या ओतल्या. हात थरथरत होता म्हणून दोन खाली पडल्या, त्या डॉक्टरने वाकून उचलल्या आणि फुंकून घेतल्या. त्याने कागदाची पुडी बांधली आणि सायकलवर वस्तीकडे गेला. तिला पुडी दिली, जेवणानंतर गोळी घ्यायला सांगितलं. ती त्या दिवशी जेवलीच नाही. म्हणून त्या संध्याकाळी तिने गोळी घेतली नाही. सकाळी घेऊ म्हणाली. हे मला पुढे तिच्या जावेकडून कळलं.

आणि सकाळी मी ते वाक्य बोललो.

बाया माल घेऊन आल्या होत्या, तिची जाऊही होती, तिचा माल घेऊन. कोणीतरी विचारलं, की डॉक्टरने शेठच्या घरची गोळी नेली म्हणतात, आमच्याही घरी ताप आहे, आम्हालाही भेटेल का? माझं डोकं आदल्या दिवसापासून तापलेलंच होतं. माझ्या घरात येऊन, माझ्या देवळीतली वस्तू, माझ्या देखत कोणाला द्यायची हे त्या माणसाने ठरवावं, आणि माझ्या बापाने मला न जुमानता ती द्यावी! आता उद्या सारं गाव दारात उभं राहील. मी जुडी दाबत, वर न बघता म्हणालो:

"जपून बायांनो. थे माह्या बापाच्या थरथरीची गोळी आहे. ज्याले थरथर आहे त्याची जाते, आन ज्याले नाही त्याले येते."

आधी हशा झाला. एकीने म्हाताऱ्यासारखा हात हलवून दाखवला. मग हसू विरलं. मी पाहिलं, की त्या आपापल्या बोटांकडे बघताहेत. एक म्हातारी हळूच म्हणाली, "बोटं गेले त पोट गेलं वो माय." कोणी पुन्हा गोळी मागितली नाही. माझं काम झालं होतं.

बिडी वळणाऱ्या बाईला तुम्ही सांगा की ह्या औषधाने डोळे जातील, ती कदाचित घेईल. पाय जातील म्हणा, तरी बसून वळता येतं. पण बोटं थरथरतील म्हणा, ती मरण पत्करेल आणि औषध टाकून देईल. हे दुसऱ्या कोणाला कळलं नसतं. मला कळत होतं. आयुष्यभर त्यांची बोटंच तर बघत होतो.

जावेने वाक्य घरी नेलं. दुपारी डॉक्टर गेला, विचारलं, "गोळी घेतली?" ती म्हणाली, "घेतली." तो खेकसणारा माणूस होता, नाही म्हटलं असतं तर ओरडला असता, म्हणून खोटं बोलली असेल. त्याने समोर उभं राहून गिळायला लावायला हवी होती. ही त्याची चूक. पण ती चूक आणि माझं वाक्य एका तराजूत घालू नका. मी तसं चाळीस वर्षं करून पाहिलं आहे, पारडं हलत नाही.

पुढच्या दिवसांत तिला दम लागला. डॉक्टर म्हणाला, भंडाऱ्याला न्या, मी गाडी बघतो. तो गाडी बघायला गेला तेवढ्यात घरच्यांनी मोटारसायकलवाल्याला बोलावलं. त्याने लाल सुई दिली, आड्याला दोरी बांधून सलाईनची बाटली टांगली आणि पैसे घेऊन निघून गेला. गाडी येऊन दारात उभी राहिली तेव्हा सलाईन संपायची होती. संपल्यावर नेऊ, असं घरचे म्हणाले. दुपारी ती गेली. शेवटी तिचे हात थरथरत होते. तापात कोणाचेही थरथरतात. पण लोकांनी ते पाहिलं.

मोटारसायकलवाल्याचं नाव आजवर कोणी घेतलेलं नाही. पुढे त्याच गावाने त्याच्याकडून वर्षानुवर्षं सुया टोचून घेतल्या.

तिसऱ्या दिवशी तिचा नवरा ओसरीवर आला. आमच्या धंद्यात रीत होती, की वळणारी बाई काम सोडून गेली, किंवा वारली, तर उरलेला पत्ता आणि जर्दा ठेकेदाराला परत करायचा. त्याने ओल्या गोणपाटात गुंडाळलेला पत्ता ठेवला, धाग्याची गुंडी ठेवली, जर्द्याचा डबा ठेवला.

"पाहून घ्या शेठ," तो म्हणाला. "तुमचं काही राहिलं नसन."

मी म्हटलं, राहू दे. तो म्हणाला, "नाई, पाहून घ्या." आणि उभाच राहिला. मी डबा उघडला नाही, नुसता आत ठेवला. तो गेल्यावर जर्दा तोलायला डबा उपडा केला, तेव्हा तळाशी पुडी निघाली. डॉक्टरची. तीच घडी, वर त्याच्या हातचं लिहिलेलं, सकाळ आणि संध्याकाळ. उघडली. ओसरीवर उचलून फुंकून घेतलेल्या त्या दोन्हीसुद्धा आत होत्या, माती लागलेल्या. जितक्या गेल्या तितक्या परत आल्या होत्या.

तिने त्या फेकल्या नाहीत. दुसऱ्याच्या घरची वस्तू, आणि महागाची, म्हणून जपून ठेवल्या. मी तिच्या बिड्यांची छाट ठेवून घेत होतो, आणि तिने माझ्या गोळ्या मला परत केल्या.

त्याच दिवशी दवाखान्यासमोर गर्दी झाली. दगड पडले. तिच्या नवऱ्याने डॉक्टरवर जोडा फेकला. बाकीच्यांचं सोडा, त्याच्या स्वतःच्या समाजाची माणसंही म्हणाली, की आमच्यात एक शिकला आणि त्यानंच आमचं घर बुडवलं. डॉक्टर पायरीवर उभा राहून एकच सांगत होता, की दिलेल्या गोळ्यांतल्या किती उरल्या तेवढं दाखवा, मग मला मारा. घरच्यांनी घर धुंडाळलं, पुडी नव्हती. "सगळ्या खाऊ घातल्या म्हंजे," कोणीतरी ओरडलं.

तिथून तो माझ्याकडे आला. शर्टाची बाही फाटलेली.

"तिच्या नवऱ्यानं तुमचा माल परत केला म्हणतात. त्यात पुडी होती का?"

पुडी त्या वेळी माझ्या सदऱ्याच्या खिशात होती. मला फक्त हात घालायचा होता. पण पुडी काढली की पुढचा प्रश्न येणार होता: तिने का नाही खाल्ल्या? आणि त्याचं उत्तर ओसरीवरच्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं.

"मले काय माहीत?" मी म्हटलं. "तुमच्या गोळ्या, तुमी जाना."

तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटतं, त्याला कळलं. "काका आहेत का?" त्याने विचारलं. मी म्हटलं, झोपले आहेत. बाबा आत जागेच होते.

महिनाभरात त्याची बदली झाली. लोक म्हणतात पळाला. मी बसस्टँडवर होतो, साकोलीची गाडी पकडताना मी त्याला पाहिलं. पायात चपला होत्या, पॉलिश केलेल्या. हातात पेटी होती, ती धरायला कोणी पुढे झालं नाही. तो खिडकीशी बसला आणि त्याने बिडी पेटवली.

त्या गोळ्यांचं मी काय केलं? बाटलीत परत टाकल्या. मुंबईचं पार्सल त्या वेळी खरंच आलं नाही, आणि बाबांनी त्याच खाल्ल्या. पहिली तोंडात टाकली तशी त्यांनी थांबून विचारलं, "ह्याले जर्द्याचा वास काहून येऊन राहिला?"

"माह्या हाताचा असन," मी म्हटलं.

त्यांनी गिळली. पण त्या दिवसापासून त्यांनी गोळीसाठी स्वतःहून कधी हात पुढे केला नाही. मी द्यायचो, ते घ्यायचे. नंतर नंतर जुडी तपासायलाही बसेनात. कळलं होतं का, मी विचारलं नाही. न विचारण्यात मी तेव्हा चांगलाच तरबेज झालो होतो.

ह्या सगळ्यावर कडी ऐका. काही वर्षांपूर्वी नागपूरला मुलाकडे असताना मला फ्लू झाला. साथ होती, पेपरात रोज येत होतं. मुलाने पहिल्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कॅप्सूल लिहून दिल्या आणि म्हणाल्या, "आजोबा, वेळेवर आलात. ह्या पहिल्या दोन दिवसांतच घ्याव्या लागतात." मी विचारलं, ह्या थरथरीच्या का? त्या हसल्या. म्हणाल्या, ती जुनी गोळी, आता तिला विषाणू दाद देत नाही, ही वेगळी. पण तेव्हा तीच होती. बाहेर माणसं ह्या नव्या गोळीसाठी रांगेत भांडत होती. वशिले लावत होती. आमच्या गावचेही दोघे त्या रांगेत दिसले. फ्लूवर गोळी असते आणि ती पहिल्या दोन दिवसांत घ्यावी, हे जो गावात पहिल्यांदा बोलला, त्याला दगड मारणारे लोक! मी पाण्याबरोबर गोळी घेतली. बरा झालो. गोळी मिळाली असती तर ती बाई वाचली असती असं मी म्हणत नाही, डॉक्टरही म्हणाला नव्हता. पण तिला ती मिळालीच होती, आणि मी तिच्या हातातून काढून घेतली, हात न लावता.

तेरवीनंतर मी तिच्या मुलीकडे गेलो. ती आता आजी झाली आहे, त्याच वस्तीत राहते, पक्कं घर आहे. मला ओळखलं. "छोटे शेठ ना?" म्हणाली. मी ओसरीवरच उभा राहून सगळं सांगितलं, वर जसं लिहिलं तसं. वाक्यासकट. ती तांदूळ निवडत होती. मध्ये एकदा तिचा हात थांबला.

"म्हंजे मायनं खाल्लीच नोती?"

"नाही."

"एकबी?"

"एकबी नाही."

तिने तांदळातले दोन खडे वेचून बाजूला टाकले. मग म्हणाली, "माह्या बापानं त्याले जोडा मारला होता. मरेपर्यंत सांगे, मी बरोबर केलं म्हने. आपला मानूस होता थो. आमी आमच्या पोरायले सांगतलं, सरकारी दवाखान्याची गोळी खाऊ नका. माह्या लेकीले बारंतपनात लोहाच्या गोळ्या नाई खाऊ देल्ल्या मी." तिने सूप खाली ठेवलं. "आन तुमी आता आले. बाप मेला. थो डाक्टर कुठं आहे, जिता आहे का नाही, कोनाले माहीत? आता हे मी कोनाले सांगू?"

मी म्हटलं, माफ कर म्हणायला आलो नाही, खरं सांगायला आलो.

"मले एकटीले सांगून काय होते?" ती एकदम मोठ्याने म्हणाली. "तवा मायले एकटीले सांगतलं होतं का? चार मानसात बोलले होते ना? मंग चार मानसात बोला. जिथं लोकं हासते तिथं बोला." तिने चहाचं विचारलं नाही. ठीकच केलं.

पंधरा दिवसांनी गावात एक लग्न होतं. पंगत बसली. तेरवीला गोष्ट सांगणारा माणूसही होता. मी पत्रावळीवरून उठून उभा राहिलो आणि सांगायला लागलो: आपल्या दवाखान्यात जो डॉक्टर होता, त्याने बाई मारली नाही. गोळी तिने खाल्ली नाही, कारण मी तिला भिववलं होतं. गोळ्या माझ्याकडे परत आल्या आणि मी लपवल्या.

लोकांना आधी वाटलं, आजोबा मंगलाष्टक म्हणतात की काय. मग कुजबूज झाली. तो माणूस म्हणाला, "जाऊ द्या ना काका, चाळीस वर्सं झाले. जेवू द्या लोकायले."

"तुले चाळीस वर्सानं सांगाले जमते," मी म्हटलं, "मंग ऐकाले काहून जमत नाही?"

कोणीतरी माझ्या मुलाला बोलावून आणलं. त्याने माझा दंड धरला आणि म्हणाला, "बाबा, बसा." वाढपी बुंदीचं ताट घेऊन थांबला होता, पुढे जाऊ की नको त्याला कळत नव्हतं. मागच्या रांगेत बाया बसल्या होत्या, त्यांना नीट ऐकू आलं नव्हतं. त्यांच्यातली एक म्हातारी, एके काळी माझ्या ओसरीवर बसणारी, हात कानाशी धरून विचारत होती, "काय म्हनून राहिले शेठ?"

मी मुलाचा हात सोडवला, तिच्याकडे तोंड केलं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो.